पुण्याला निघालेलं शामिसेन: एका दुरुस्तीची हकिकत

वाद्य दुकानात आलं तेव्हा पुढचं कातडं वरपासून खालपर्यंत फाटलेलं होतं. शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्याच्या दुरुस्तीची बरीचशी कामं अशीच येतात. कातडं गेलं, नवं चढवा, पैसे घ्या. हे वाद्य तेवढ्यावर सुटणार नव्हतं, हे कारागिराने दांडी हातात घेतल्याघेतल्या ओळखलं.

मालकीणबाई पुण्याच्या. टोकियोत नोकरीनिमित्त बरीच वर्षं राहिल्या आणि तिथेच नागाउता शिकल्या. काबुकी नाटकाबरोबर वाढलेला हा गाण्या-वाजवण्याचा प्रकार. गुरुबाईंची बोटं संधिवाताने आखडली तेव्हा त्यांनी स्वतःचं वाद्य शिष्येला देऊन टाकलं. आता शिष्या कायमची पुण्याला परत निघाली होती आणि वाद्य सोबत न्यायचं होतं. ताईंचं जपानी चांगलं आहे, पण कारागिराच्या तोंडचे अवजारांचे, सांध्यांचे शब्द त्यांनाही कळेनात. म्हणून मी मध्ये दुभाष्या. म्हाताऱ्या कारागिराला आम्ही दोघं आपसात ‘आजोबा’च म्हणायला लागलो होतो, त्यामुळे इथेही तेच.

आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: हे पुढे राहणार कुठे? वाद्य फाटलं कसं, किती जुनं आहे, हे त्यांनी नंतर विचारलं. ताईंनी पुणं सांगितलं. तिथली हवा कशी? ताई म्हणाल्या, चार महिने पाऊस, आणि उन्हाळ्यात ओठ फुटतील इतकं कोरडं. आजोबांनी वाद्य गादीवर आडवं ठेवलं आणि चहा मागवला. माझ्या मते दुरुस्तीचे पुढचे सगळे निर्णय त्या उत्तरावरच ठरले.

वाद्य कशाचं होतं

चीनमधलं सानशिएन र्‍युक्यू बेटांवर जाऊन सानशिन झालं आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला, एइरोकू काळाच्या सुमारास (1558 ते 1570) ओसाकाजवळच्या साकाई बंदरात उतरलं, असं मानतात. बेटांवरच्या वाद्याला अजगराचं कातडं असे. जपानच्या मुख्य भूमीवर एवढा मोठा साप मिळेना, म्हणून मांजराचं आणि कुत्र्याचं कातडं आलं. बिवा हे जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांनी हे नवं वाद्य उचललं आणि त्यांच्या हातातली मोठी, पंख्यासारखी नखीही त्याच्याबरोबर आली. तिला बाची म्हणतात. बाचीचा फटका तारेबरोबर कातड्यावरही पडतो, म्हणून शामिसेनचा आवाज अर्धा तंतुवाद्याचा आणि अर्धा तालवाद्याचा असतो. कातड्याला एवढं महत्त्व त्यामुळेच.

नागाउताचं शामिसेन बारीक दांडीचं असतं. लांबी मीटरभराला थोडी कमी, तारा तीन, पडदे नाहीत. दांडी एकसंध नसून तीन तुकड्यांची. तुकडे एकमेकांत बसतात, त्यामुळे वाद्य उकलून छोट्या पेटीत मावतं आणि लाकूडही कमी पिळवटतं. ताईंच्या वाद्याच्या सांध्यांत खाचेच्या आतून सोन्याचा पातळ पत्रा होता. दांडी जोडली की तो कोणालाच दिसत नाही. उंची वाद्यांवर हा खर्च करतात. सांधा झिजू नये हे कारण सांगतात, आणि मला वाटतं थोडी हौसही असावी.

दांडीचं लाकूड म्हणजे कोकी. लालसर काळं, पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड, आणि तिरप्या उजेडात धरलं की आडव्या लाटा चमकणारं. कोकी म्हणजे आपलं रक्तचंदन. आंध्रातल्या शेषाचलम डोंगरात आणि आसपासच्या पूर्व घाटात ते नैसर्गिकरीत्या वाढतं, जगात दुसरीकडे नाही. शामिसेनच्या वरच्या प्रतीच्या दांड्या याच लाकडाच्या. ज्या चौकटीवर पुढून-मागून कातडं चढवतात ती करिन नावाच्या लाकडाची, म्हणजे ब्रह्मदेश-थायलंडकडच्या पडौकची. तेही रक्तचंदनाच्याच कुळातलं. आपल्या सह्याद्रीतला बिबळाही त्याच कुळातला. हे मी आजोबांना सांगितलं तर त्यांनी बिबळ्याचा तुकडा आणून द्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं. ते अजून राहिलंय.

दांडी

पडदे नसलेल्या दांडीवर बोट रोज त्याच जागी पडतं. तार दाबली जाते, घासली जाते, आणि वर्षानुवर्षांनी रक्तचंदनालाही खड्डे पडतात. खड्ड्यात तार दाबली की तिचा पुढचा भाग शेजारच्या उंचवट्याला लागतो आणि सूर खरखरतो. आजोबांनी पोलादी पट्टी दांडीवर उभी धरली आणि खिडकीकडे तोंड करून आम्हाला बघायला लावलं. पट्टीखालून उजेडाच्या चार-पाच फटी दिसल्या. मधल्या भागातली सगळ्यात मोठी, नखाची कड अडकेल एवढी.

उपाय सरळ आहे. सगळ्यात खोल खड्ड्याच्या तळापर्यंत दांडीचा अख्खा माथा उतरवायचा, ओल्या धारेच्या दगडांनी, खरखरीतपासून बारीकपर्यंत. पण माथा उतरवला की दांडी बारीक होते, आणि ही दांडी याआधीही उतरवलेली होती. सांध्यापाशी जाडी मोजल्यावर ते कळलं. आजोबा म्हणाले, पूर्ण सपाट केली तर वाजायला उत्तम होईल, पण पुढच्या वेळी उतरवायला लाकूड उरणार नाही. ताईंचं वय आणि रोजचा रियाज विचारून त्यांनी मनाशी काही हिशेब केला आणि पूर्ण न उतरवायचं ठरवलं. मधल्या मोठ्या खड्ड्याची खूण राहू द्यायची, मात्र त्याच्या कडा इतक्या हळू उतरत्या करायच्या की तार कुठे अडकू नये.

ताईंना हे पटलं नाही. “अरे, त्यांना सांग ना, पैसे वाचवायचे नाहीयेत मला. नीट करू दे.” मी सांगितलं. आजोबा हसले आणि म्हणाले की नीटच करतोय. दुकानात आलेल्या वाद्याला निदान आणखी एक दुरुस्ती सोसता आली पाहिजे, या हिशेबावर ते शेवटपर्यंत अडून राहिले. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. कोरं करकरीत दिसणारं जुनं वाद्य बघितलं की गिऱ्हाईक खूश होतं, पण त्या चकाकीचे पैसे वाद्य स्वतःच्या जाडीतून मोजत असतं.

मधला सांधाही थोडा ढिला होता. दांडी जोडली की सुईएवढी फट राहायची आणि तारा ताणल्या की दांडी केसभर पुढे झुकायची. खाचेत रक्तचंदनाची कातरण बसवून तो घट्ट केला. हे काम मी सांगतोय त्याहून लवकर झालं.

मागच्या दुरुस्तीचा त्रास

शामिसेनचं कातडं लाकडाला चिकटवतात ते चिकट तांदळाच्या पिठाच्या लेपाने. पीठ पाण्यात मळायचं, काठीने घोटायचं, चौकटीच्या कडेला लावायचं. यात शोभेचा भाग काही नाही. हा लेप ओल्या फडक्याने पुन्हा मऊ होतो. कातडं आज ना उद्या काढायचंच असतं, म्हणून तो सुटणारा हवा.

मागच्या बाजूचं कातडं कुणीतरी मधल्या काळात बदललेलं होतं. आजोबांनी कडेला ओलं फडकं ठेवलं, वाट बघितली, पुन्हा ओलं केलं. लेप हलेना. मग कळलं की तो लेप नव्हताच, लाकूडकामाचा पांढरा बाजारी गोंद होता. तो सुटत नाही, खरवडावा लागतो. खरवडताना चौकटीच्या काठाची एक चिप निघून आली, करिनच्या रेषांच्या दिशेने, बोटाच्या पेराएवढी. ते काम कुठे झालं होतं ते ताईंना ठाऊक होतं. नाव घ्यायचं कारण नाही. त्या माणसाने बहुधा टिकाऊ काम करतोय असंच समजून केलं असणार.

चौकटीचा एक कोपराही उघडला होता. चौकट चार फळ्यांची असते आणि उंची वाद्यांत फळ्यांच्या आतल्या अंगाला कोरीव नक्षी असते, माशाच्या काट्यासारखी तिरप्या रेघांची. तिला आयासुगी म्हणतात. आवाज आत नीट फिरावा म्हणून ती कोरतात. कोपरा सरसाने चिकटवला आणि निघालेल्या चिपेच्या जागी करिनचाच तुकडा बसवून घासला. सरसही तसाच, उष्णता आणि पाणी लागलं की सुटणारा. उद्या कुणाला हा कोपरा उघडावा लागला तर त्याला आपल्यासारख्या शिव्या द्याव्या लागू नयेत, असं आजोबा म्हणाले. हे वाक्य मी जरा सौम्य करून ताईंना सांगितलं.

सावारी

दांडीचा माथा खाली गेला की सावारी बिघडते. आता जवारी ऐकून वाढलेल्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे. तानपुऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही, घोडीच्या उतारावर हलकेच घासत राहते आणि तिच्यातून तो झणझणीत, पसरणारा नाद येतो. शामिसेनमध्ये तीच करामत घोडीकडे न होता वरच्या टोकाला, खुंट्यांच्या खाली होते. दुसरी आणि तिसरी तार धातूच्या छोट्या आडव्या पट्टीवर बसतात. पहिली, सगळ्यात जाड तार मात्र त्या पट्टीवर नसते. ती तिच्या शेजारून जाते आणि लाकडाच्या एका उंचवट्याला जेमतेम शिवते. उंचवट्याच्या खाली छोटी खाच असते. तार उंचवट्याला किती शिवते यावर सगळा नाद ठरतो. जास्त शिवली की आवाज चिरका, शिवलीच नाही की कोरडा.

मजा अशी की झणझण फक्त पहिल्या तारेची, पण दुसरी आणि तिसरी तार तिच्याशी बरोबर सुरात लागली असेल तर त्या छेडल्यावर पहिली तार आपण होऊन गुणगुणते. म्हणजे सावारी नुसता नाद देत नाही, स्वर लागलाय का तेही सांगते. शामिसेनच्या तारा लावण्याच्या तीन मुख्य पद्धती आपल्या भाषेत सांगायच्या तर अशा: होनचोशी म्हणजे सा-म-सां, निआगारी म्हणजे सा-प-सां, सानसागारी म्हणजे सा-म आणि कोमल नी. ताईंनी तिन्ही लावून बघितल्या.

या वाद्याला आझुमा-झावारी होती. दांडीच्या मागून एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की उंचवटा वर-खाली होतो. आजोबांनी आधी स्क्रू मध्यावर आणला, मग उंचवट्याचा माथा बारीक कानशीने घासला, तार लावली, छेडली, उतरवली, पुन्हा घासला. हा खेळ बराच वेळ चालला. मध्ये ताई म्हणाल्या, “आत्ता! आत्ता थांबा!” आजोबांनी आणखी एकदा घासलं आणि मग थांबले. ताईंना जो नाद हवा होता तो तानपुऱ्याचा होता, आजोबांना हवा होता तो नागाउताचा. त्यात फरक आहे. शामिसेनमध्ये बाचीचा फटका ऐकू यायला हवा, नाद त्याच्या मागून. नुसती गुंजणारी तार त्या गाण्याला चालत नाही. ताईंनी हरकत घेतली नाही, पण स्क्रू कसा फिरवायचा ते नीट समजून घेतलं. पुण्यात त्यांनी तो किती फिरवला असेल ते सांगायला नको.

मिरजेला जवारी काढणारा कुणी हे काम करू शकेल का, असं मी विचारलं. आजोबांचं उत्तर: कान तयार असेल तर का नाही. कातडं मात्र मिरजेच्या कारागिराला जमणार नाही.

हस्तिदंत मागे राहिला

खुंट्या हस्तिदंताच्या होत्या, बाचीही आणि घोडीही. जुन्या चांगल्या नागाउता वाद्यात हे अगदी नेहमीचं. हस्तिदंती बाचीचं तर वादकांना फार अप्रूप. हस्तिदंत घामाने निसटत नाही आणि त्याचं वजन हाताला बरोबर पडतं. पण आफ्रिकेतले काही देश सोडले तर हत्ती साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 1 मध्ये आहे. हस्तिदंत सीमेपलीकडे न्यायचा तर तो करार लागू होण्याआधीचा आहे याचा पुरावा हवा, परवाने हवेत. गुरुबाईंकडे वाद्याच्या खरेदीची चिठ्ठीही नव्हती. खुंट्या बदलून आबनुसाच्या बसवल्या, बाची लाकडाची घेतली, घोडी साधी. काढलेला हस्तिदंत गुरुबाईंच्या दुसऱ्या शिष्येकडे, टोकियोतच, ठेवला.

रक्तचंदनाची धास्ती मलाच जास्त होती. आपल्याकडे रक्तचंदन म्हटलं की तस्करी हाच शब्द आधी आठवतो. ते 1995 पासून साइट्सच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. पण त्या नोंदीला जोडलेली टीप बघितली तर ती ओंडके, लाकडाच्या चिपा, भुकटी आणि अर्क यांना लागू होते. तयार वाद्य तिच्यात येत नाही. टीप छापून पेटीत ठेवली, विमानतळावर कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. खुंटी बदलणं वाटतं तेवढं सोपं नसतं, हेही जाता जाता. खुंटी नुसत्या घर्षणावर धरते, त्यामुळे प्रत्येक खुंटीची निमुळती जाडी तिच्या भोकाशी जुळवून घ्यावी लागली.

कातडं

आता वाद झाला तो इथे. पर्याय तीन होते. मांजराचं कातडं पातळ, आवाज सगळ्यात नाजूक, फाटायला सगळ्यात सोपं आणि आता मिळायलाही कठीण. कुत्र्याचं जाड, शिकाऊ आणि रोजच्या वाद्यांना नेहमीचं. आणि कृत्रिम, जे हवेला भीक घालत नाही. अलीकडे कांगारूचं कातडंही वापरतात, पण आजोबांना त्याचा अनुभव नव्हता म्हणून त्यांनी तो पर्याय स्वतःच काढून टाकला. मराठी वाचकाला मांजर-कुत्रं वाचून कसंसं होणार, ताईंनाही सुरुवातीला झालं होतं. जपानमध्येही तरुण वादकांत कृत्रिम कातड्याकडे ओढा आहे, त्याला हे एक कारण आहेच.

आजोबांचा सल्ला: दोन्ही बाजूंना कृत्रिम. पुण्यात कातडं चढवणारा कुणी नाही. फाटलं की वाद्य मुकं. ताईंचा हट्ट: पुढे खरं कातडंच, कारण गुरुबाईंचा आवाज त्यातून आलेला आहे. या मुद्द्यावर मी भाषांतर करताना दोन्हीकडून दमलो. शेवटी तोड निघाली ती अशी: मागे कृत्रिम, पुढे कुत्र्याचं, पण व्यावसायिक वादकासाठी ताणतात त्याहून कमी ताणलेलं.

ताणण्याचं काम बघण्यासारखं असतं. कातडं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेलं. त्याच्या चारही कडांना लाकडी चिमटे, रांगेने. चौकट पाटावर ठेवून कडेला लेप लावला, वर कातडं अंथरलं. चिमट्यांपासून पाटाखाली दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांत काठ्या घालून पीळ भरायला सुरुवात केली. मग पाचरी. एक पाचर ठोकायची, कातड्यावर बोटाच्या टोकाने टिचकी मारायची, ऐकायचं, दुसऱ्या बाजूची पाचर ठोकायची. टिचकीचा आवाज आधी बोदा असतो, मग हळूहळू टणक होतो. शेजारी शेगडी, वाळत आलेलं कातडं आणखी आवळतं ते वेगळं. चांगला आवाज फाटण्याच्या अगदी अलीकडे असतो आणि ती हद्द कातड्यागणिक वेगळी. आजोबांनी एका कोपऱ्यातली पाचर ठोकायला हातोडी उचलली, टिचकी मारली आणि हातोडी खाली ठेवली. म्हणाले, पुण्यासाठी एवढंच.

तारा रेशमाच्या, पिवळ्या धमक. तो पिवळा रंग परंपरेने हळदीचा. शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या उत्तरेला किनोमोतो भागात वाद्यांसाठीचं रेशीम काढतात. तिसरी, सगळ्यात बारीक तार रेशमाची असली की पटापट तुटते, म्हणून ती नायलॉनची लावली. ताईंनी इथे वाद घातला नाही.

पुण्यात

वाद्य पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात पोचलं. धडाची बाजू जपानी कागदाच्या पिशवीत, तारा सैल, पेटी भिंतीपासून दूर, या सगळ्या सूचना पाळल्या गेल्या. जुलै-ऑगस्टमध्ये आवाज मऊ पडला, ताई नाराज झाल्या, पण कातडं टिकलं. सप्टेंबरनंतर आवाज आपोआप उघडला.

गडबड झाली ती एप्रिलमध्ये. कोरड्या हवेने कातडं आकसलं आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात लेप सुटला. बोटभर लांबीची कड चौकटीपासून वर उचलली गेली, कातडं मात्र कुठेही फाटलं नाही. ताईंनी व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवलं. मीही होतो. ताईंच्या चेहऱ्यावर आता काय ऐकावं लागतंय अशी भीती. आजोबा मात्र खूश झाले. त्यांचं म्हणणं असं: कातडं पूर्ण ताणलेलं असतं तर लेप सुटायच्या आत ते मधून फाटलं असतं, आणि बाजारी गोंदाने चिकटवलेलं असतं तरी फाटलंच असतं, किंवा चौकटीचा कोपरा उघडला असता. लेपाने आधी हार मानली हे बरं झालं.

एका तबला दुरुस्त करणाऱ्याला ताईंनी विचारून बघितलं. त्याने चौकट उलटसुलट फिरवली, कातडं दाबलं आणि हात जोडले. तबल्याची पुडी वादीने आवळता येते, पुन्हा ढिली करता येते. इथे सगळा ताण लेपावर आणि एकदा वाळला की संपलं. नुसती कड ओली करून दाबली तर चिकटेल, पण ताण परत येणार नाही. ते त्याने बरोबर ओळखलं आणि हात लावला नाही, याबद्दल त्याचे आभार.

सध्या बेत असा आहे की दांडी पुण्यातच ठेवायची आणि फक्त चौकट, कुणी टोकियोला जाणारं भेटलं की, सामानात पाठवायची. चौकट छोटी, हँडबॅगेत मावते. तोवर ताई त्याच कातड्यावर वाजवतायत. खालच्या कोपऱ्यात आवाज थोडा भसाडा येतो. नवं कातडं किती ताणायचं यावर मात्र अजून एकमत नाही. आजोबांना या वेळी आणखी अर्धी पाचर कमी करायची आहे. ताई म्हणतात, आधीच आवाज बसलेला होता, आता कमी केला तर मी वाजवू काय? दोघांनीही आपापला निरोप माझ्याकडे दिलाय आणि मी तो अजून पुढे पोचवलेला नाही.